‘आम्ही आहोत’ म्हणजे कोण, सिद्दू?

आज परत ओटीपी तुझ्याच नंबरवर गेला, सिद्दू.

सकाळी चहा घेऊन लॅपटॉप उघडला. खानापूरच्या आपल्या सॉफ्टवेअरच्या मेसेज खात्यात शिरायचं होतं. नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पासवर्ड तू कधी सांगितला नव्हतास, पण तुझे सगळे पासवर्ड तुझ्या आईच्या नावावरून असायचे आणि त्यावरूनही मी तुला बोलले होते. मग स्क्रीनवर आलं, तुमच्या मोबाईलवर आकडा पाठवला आहे, तो इथे भरा. तुझा मोबाईल निपाणीत, तुझ्या घरी, टीव्हीशेजारच्या फळीवर.

मावशींना, म्हणजे तुझ्या आईला, फोन लावला. एरवी त्या पहिल्या रिंगला उचलतात. तुझ्या फोनचं कुलूप कुणालाच उघडता येत नाही, पण बंद स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ दिसते, तेवढ्यावर गेला महिनाभर आपलं चाललं आहे. त्या चष्मा शोधतात, फोन खिडकीपाशी उजेडात नेतात, एकेक आकडा वाचतात आणि प्रत्येक आकड्यानंतर विचारतात, "लिवलीस?" तेवढ्यात वेळ संपते. मग परत पाठव, परत चष्मा. आज मात्र त्यांनी फोन उशिरा उचलला.

"दिसंना गं आज," त्या म्हणाल्या. "उद्या बगू."

आणि फोन ठेवला. मी बेंगळूरच्या खोलीत थंड झालेला चहा घेऊन बसले. मला राग आला. मावशींचा नाही, तुझा. एवढं मोठं काम तू तुझ्या एकट्याच्या सिमकार्डावर उभं करून गेलास.

माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहायचं असतं, हे मला कळतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांनी लिहिलं. किती शांत मुलगा होता म्हणे. शांत! ज्यांनी हे लिहिलं त्यांनी तुझ्याबरोबर एक प्रोजेक्ट करून बघायला हवा होता. मी काही लिहिलं नाही. म्हणून आता लिहिते आहे. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तू असताना माझं कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीस.

शेवटच्या वर्षी कॉलेजनं फर्मान काढलं होतं. प्रत्येक गटानं एखादी सेवाभावी संस्था नाहीतर सरकारी ऑफिस गाठायचं, त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं आणि वर्षअखेर त्यांच्याकडून समाधानाचं पत्र आणायचं. बेळगावातल्या सगळ्या पोरांनी जवळचं बघितलं. कुणाच्या मामाची पतसंस्था, कुणाच्या काकांची शाळा. मीही आमच्या गावच्या दूध डेअरीशी बोलून ठेवलं होतं. त्यांना सॉफ्टवेअर नको होतं, पत्र द्यायला मात्र एका पायावर तयार होते. एवढं सोयीचं गिऱ्हाईक सोडून तू गटातल्या आम्हा तिघांना खानापूरला घेऊन गेलास. खानापूर माझा तालुका, तू निपाणीचा, आणि माझ्याच तालुक्यात मला पाहुणीसारखी फिरवलीस.

स्टँडच्या मागं दोन खोल्यांत मीनाताईंची संस्था. पावसाळ्यात जांबोटीच्या वरच्या अंगाचे ओढे भरले की तिकडच्या वाड्यांचे रस्ते बंद होतात. तिथल्या ज्या बायकांचं बाळंतपण त्या दिवसांत येणार असेल त्यांना ताई आधीच जीपनं खाली आणायच्या आणि दवाखान्याजवळ एका घरी ठेवायच्या. त्या घराला सगळे माहेरच म्हणायचे. कुणाचे दिवस कधी भरतात, कुठला ओढा आधी बंद होतो, जीप कधी पाठवायची, हे सगळं ताईंच्या डोक्यात. मग एका पावसाळ्यात ताई स्वतःच आजारी पडल्या आणि जीप कुठं पाठवायची ते कुणालाच कळेना. म्हणून त्यांना सॉफ्टवेअर हवं होतं. म्हणजे हवं होतं असंही नाही. आपल्याआधी दोन बॅचेस येऊन गेल्या होत्या.

"पोरं येत्यात, च्या पित्यात, फोटू काडत्यात आनि जात्यात," ताई म्हणाल्या. "तुमी कवा जानार ते आदी सांगा."

मी खरं सांगणार होते, जूनमध्ये जाणार म्हणून. तू मध्येच म्हणालास, "आमी जात न्हाय ताई." आपल्या सगळ्या भांडणांचं मूळ इथं आहे.

काम फार अवघड नव्हतं. गावोगावच्या आशाताईंनी मोबाईलवर बाईचं नाव, गाव आणि तारीख भरायची. तिकडचा ओढा कधी बंद होतो ते धरून सॉफ्टवेअरनं जीपचा वार काढायचा. मग मेसेज बाईच्या घरी, ड्रायव्हर बाळूअण्णाला आणि ताईंना. महिन्याचा गोषवारा तालुक्याच्या आरोग्य ऑफिसला. बास.

आणि ते शेवंताबाईंचं प्रकरण! आठवलं की अजून हसू येतं आणि मग हसल्याचा राग येतो. मेसेज जातो का बघायला तू एक खोटं नाव भरलंस. खोटं म्हणजे तुझ्या आईचं. नाव शेवंताबाई, मोबाईल मावशींचा, गाव म्हणून जांबोटीच्या पलीकडची एक वाडी. चालू सॉफ्टवेअरवर असली चाचणी करायची नसते, त्यासाठी वेगळी कॉपी असते, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही शिकवतात. तू म्हणालास, "एकच तर मेसेज हाय गं." तो एकच मेसेज निपाणीत मावशींना गेला. तुमचे दिवस भरत आले आहेत, मंगळवारी सकाळी गाडी येईल. साठीच्या मावशींनी तो शेजारणीला वाचून दाखवला आणि अख्ख्या गल्लीनं तो साजरा केला. पण बाळूअण्णाचा नंबर काढायला तू विसरला होतास. मंगळवारी अण्णा जीप घेऊन त्या वाडीत हजर. शेवंताबाई कोण म्हणून विचारत फिरला, आणि वाडीत खरंच एक शेवंताबाई निघाली. सत्तरीची. गुडघ्यानं बेजार, आणि कुणीतरी दवाखान्यात न्या म्हणून वर्षभर पोरांच्या मागं लागलेली. दारात गाडी आलेली बघून तिनं लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

अण्णानं खानापुरातून ताईंना फोन केला. "ताई, पेशंट आनलाय खरं, पर हिचं काय बाळंतपन हुईल असं वाटत न्हाय मला."

म्हातारीला गुडघ्याचं औषध मिळालं, दोन दिवस माहेरात राहून ती खुशीत परत गेली. ताई मात्र आपल्यावर अशा भडकल्या की मी मान वर केली नाही. तू शेजारी उभा राहून ओठ दाबत होतास. त्यानंतर तू एवढंच केलंस की त्या नावाला जीप जाणार नाही अशी व्यवस्था केलीस. नाव काढलं नाहीस. पुढं काहीही बदललं की पहिला मेसेज मावशींना, आणि त्यांचा लगेच फोन, "आला रं. मंगळवारी येनार म्हनं गाडी." चाचणीला आईएवढं खात्रीचं कुणी नाही, असं तू सगळ्यांना सांगत सुटायचास.

डेमोच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात एआय कुठं आहे? तू शांतपणे म्हणालास, "सर, ह्यात ओढा हाय." मी टेबलाखाली तुझ्या पायावर पाय दिला. मार्क बेताचे पडले. पहिला नंबर एका पार्किंगच्या सॉफ्टवेअरला गेला, त्याला गाड्या ओळखता यायच्या. ते कुणीही, कुठंही, कधीच वापरलं नाही. कॉलेजच्या कपाटात असे रिपोर्ट रांगेनं उभे आहेत, सोनेरी अक्षरांत छापलेले. दरवर्षी पोरं करतात, दरवर्षी ते बंद पडतं आणि पुढची बॅच त्याच संस्थेच्या दारात नव्यानं उभी राहते. ह्याला कॉलेज समाजाशी नातं जोडणं म्हणतं.

सरकारी ऑफिसाबद्दल तर बोलायलाच नको. पहिले साहेब भले होते. गोषवारा कन्नडमध्ये द्या म्हणाले, तू दिलास. वरून परवानगी लागेल म्हणाले, त्यासाठी आपण चकरा मारल्या. परवानगी यायच्या बेताला साहेबांची बदली चिकोडीला. नवे साहेब आले, त्यांनी स्क्रीन बघितला, मान डोलावली आणि म्हणाले, छान आहे, ह्याचं एक्सेल करून द्या. करून दिलं. त्यांनी ते छापून फायलीला लावलं. कागद जावा म्हणून वर्षभर आपण राबलो आणि त्यांनी त्याचा कागद केला. त्या दिवशी स्टँडवर मी इतकी चिडले होते की तू मला भडंग घेऊन दिलास आणि वर म्हणालास, खा, तोंड तरी बंद ऱ्हाईल.

पण माझं खरं भांडण एका ओळीवरून होतं आणि ते अजून संपलेलं नाही.

असले मेसेज वाटेल तसे पाठवता येत नाहीत. मजकूर आधी मेसेजच्या कंपनीकडून मंजूर करून घ्यावा लागतो, अक्षर न् अक्षर ठरलेलं. मी सुटसुटीत मजकूर केला होता. वर कन्नड, खाली मराठी. नाव, वार, गाडी कुठं येईल ती जागा. तू त्याच्याखाली जोडलंस, ‘घाबरू नका. आम्ही आहोत.’ मी काढलं. तू परत घातलंस. मी परत काढलं. मग स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यावर आपली जुंपली.

"आमी म्हंजी कोन रं?" मी विचारलं.

"आमी म्हंजी आमी."

"जूनमदी पास हुनार आपन. मी बेंगळूरला जानार. ती बाकीची दोगं कुटं जातील त्यास्नीच ठावं न्हाय. ज्या बाईला ह्यो मेसेज जाईल तिनं कुनाला हाक मारायची?"

"तिला हाक मारायची न्हाय गं, वैशे. तिला निस्तं वाचायचं हाय."

"खोटं वाचायचं?"

तू चहात बिस्कीट बुडवत राहिलास. मी बोलत राहिले. आमच्या गावात दर निवडणुकीला कुणीतरी येऊन ‘आम्ही आहोत’ म्हणून सांगून जातो, तो परत पाच वर्षांनीच दिसतो. आपण विद्यार्थी आहोत, आपलं एक वर्षाचं काम. जेवढं पाळता येईल तेवढंच लिहावं. तू एका शब्दानं उलटून बोलला नाहीस. मला वाटलं पटलं. आणि तू तो मजकूर तुझ्या ओळीसकट मंजुरीला पाठवून मोकळा झालास. वर तोंड करून सांगितलंस, "मंजूर झालाय. आता बदलायचा म्हंटलं तर परत पंधरा दिस." मी तुझ्याशी आठवडाभर बोलले नाही.

मग मी बेंगळूरला आले. तुलाही इथं नोकरी लागत होती. तू बेळगावातच उद्यमबागेत एका फौंड्रीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला राहिलास. आईला सोडून कुठं जाऊ म्हणायचास. ते खरंच होतं, पण रविवारी तू निपाणीला कमी आणि खानापूरला जास्त असायचास, हेही खरं. मेसेज अडकला की तू. आशाताईंचा फोन बदलला की तू. बाळूअण्णाला मेसेज दिसेना झाला तेव्हा जीपच्या टपावर बसून त्याचा फोन दुरुस्त करणाराही तू. मी इथून जमेल तेवढं करायची आणि दर फोनला एकच रेकॉर्ड लावायची. सिद्दू, खातं संस्थेच्या नावावर कर. ताईंचा नंबर घाल. दुसरा एक माणूस तयार कर. सगळं त्यांच्या हाती सोपव. ह्याला आमच्या धंद्यात हँडओव्हर म्हणतात आणि तो केल्याशिवाय काम पुरं झालं असं कुणी म्हणत नाही.

तुझं उत्तर ठरलेलं. "देतो की गं. मी कुटं जातोय?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी भांडी घासताना ते ऐकू येतं. मीटिंगमध्ये ऐकू येतं. मी कुटं जातोय.

शेवटच्या फोनला मी अगदी टोकाला गेले होते. उद्या तुला चांगली नोकरी लागली तर? तुला बाहेरगावी पाठवलं तर? तुझं लग्न ठरलं तर? तू कशाकशानं जाऊ शकशील ते सगळं मी मोजून दाखवलं, एक सोडून. तू हसलास. "लगीन? तूच बग की एकांदी." मी परत सर्व्हरवर घसरले. मग तू म्हणालास, "बस आली, ठेवतो," आणि ठेवलास.

आपल्या दोघांच्या घरून काय काय आडवं आलं असतं ते दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून तो विषय आपण कधी काढला नाही. सर्व्हरवरून मात्र मनसोक्त भांडलो. मला तू आवडायचास, सिद्दू. हे मी आता लिहिते आहे, इथं, जिथं तुला उलट उत्तर देता येत नाही. तशी एकदा तरी माझ्या बाजूनं सोय झाली.

भांडल्याचा मला पश्चात्ताप नाही. माझं बरोबर होतं. मातीला आले तेव्हाही माझ्या डोक्यात तेच होतं, इतकी मी वाईट आहे. ताई आणि बाळूअण्णा जीपनं आले होते. अण्णा घरात आला नाही, जीपला टेकून उभा राहिला. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर तुझी गाडी चेपली, तू गेलास, आणि फोनला ओरखडासुद्धा नाही. तो मावशींच्या मांडीवर होता. बायका रडत होत्या आणि तो वाजला. मावशींनी माझ्यापुढं धरला. वरच्या अंगाच्या एका आशाताईंनी नवीन नाव भरलं होतं, त्याची खबर.

त्यानंतर कळलं की मेसेज कंपनीच्या खात्याची वर्षाची मुदत पावसाच्या तोंडावरच संपते. मालकानं जुन्या नंबरवरून होकार दिला तर पुढं चालू, नाहीतर बंद. कंपनीला फोन केला. तिथला पोरगा म्हणाला, मॅडम, खातेदाराला फोन करायला सांगा. मी म्हटलं, त्याला करता येणार नाही. मग म्हणाला, मेल करायला सांगा. मी म्हटलं, तो वारला आहे. तो म्हणाला, मग दाखला जोडा, महिना-दीड महिना लागेल. तोवर ओढे भरले असते. ताईंचा रोज फोन. वरच्या वाड्यांतल्या तिघींचे दिवस ऐन पावसात येतायत. ताईंना आता सगळं डोक्यात ठेवायची सवय राहिलेली नाही, आणि ती सवयही तूच मोडलीस.

म्हणजे उरला ओटीपी. तुझ्या नंबरवर एक शेवटचा आकडा, तो भरला की खातं संस्थेच्या नावावर. काल मी मावशींना सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, आता एकदाच, मग तुम्हाला परत त्रास देणार नाही. आणि आज त्या म्हणाल्या, दिसंना गं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता निपाणीहून परत येताना बसमध्ये पुढचं लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, चार्जिंग न्हाय. तिसऱ्या दिवशी, शेजारी गेलते, फोन घरात ऱ्हायला. मी ऑफिसात सगळ्यांवर ओरडत होते. मग जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि ‘परत त्रास देणार नाही’ हे माझंच वाक्य आठवलं. मी मावशींना काय सांगितलं होतं ते मला तेव्हा कळलं. रजा टाकली आणि आले.

घर तसंच आहे. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि आता शेजारी तू, कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला. फळीवर फोन, चार्जरला लावलेला, बॅटरी भरलेली. मी त्याच्याकडं बघितलं हे मावशींनी बघितलं. त्यांनी चहा टाकला. मी चटईवर लॅपटॉप उघडला.

"ह्यो आकडा दिला की मग ह्याच्यावर काय येनार न्हाय, व्हय?" त्यांनी विचारलं.

"कंपनीचं काय येनार न्हाय, मावशी."

"मग त्यो वाजनारच न्हाय." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "पैल्यांदा लई जनांचे फोन आलते. मग बंद झाले. आता तुजा आकडाच तेवडा येतोय गं. त्यो वाजला की मला वाटतंय, घरात कोनतरी हाय."

मी लॅपटॉप मिटणार होते, सिद्दू. खरंच. दोन वर्षं तुझ्या डोक्यावर बसून जे मागितलं ते हातात आलं होतं आणि मला ते नको झालं. पण त्या तिघी होत्या. मी मावशींना त्यांच्याबद्दल सांगितलं. एक पहिलटकरीण आहे, एकीचं मागचं मूल वाटेतच गेलं होतं. मावशींनी ऐकून घेतलं. मग उठल्या, फळीवरून फोन काढला आणि चष्मा घातला.

"पाटव," त्या म्हणाल्या.

मी फोन घ्यायला हात पुढं केला. "मी वाचते," म्हणाल्या. तुझा फोन वाजला. त्यांनी तो थोडा वेळ तसाच हातात धरला आणि मग वाचला, सावकाश, एकेक आकडा, मध्ये मध्ये "लिवलीस?" ह्या खेपेला वेळ पुरली. खातं संस्थेच्या नावावर झालं. मी ताईंना कळवलं आणि हायसं वाटण्याची वाट बघत बसले. वाटलं नाही.

मग स्क्रीनवर विचारलं, मेसेजचा जुना मजकूर तसाच ठेवायचा की बदलायचा? मी ते मोठ्यानं वाचलं. तुझी ओळ समोर होती. आता काढायला कुणाची हरकत नव्हती. उलट आता तर ती उघड उघड खोटी होती.

"थांबलीस का?" मावशींनी विचारलं. मग स्क्रीनकडं न बघताच म्हणाल्या, "ती शेवटची वळ का? सिद्दू सांगत हुता, वैशी काडाय बगतीया म्हनून."

"तुमाला सांगितलंतं त्येनं?"

"मग? माजीच हाय ती." त्या माझ्याशेजारी चटईवर बसल्या. "सिद्दूच्या येळंला मी तंबाकूच्या वखारीत हुते. कळा सुरू झाल्या तशी उटले आनि चालत दवाखान्याला गेले. ह्याचा बा कामावर गेलेला. संगं कोन न्हाय. पाऊस लागलेला. लई भ्यालते गं. वाटत हुतं, कोनतरी निस्तं म्हनावं, भिऊ नगंस, आमी हाय. धरू नगा, उचलू नगा, निस्तं म्हना. एक मानूस बोललं न्हाय. त्येला ल्हानपनापासनं सांगितलंय मी हे."

आणि तू चहात बिस्कीट बुडवत बसलास! मी निवडणुका काढल्या, खोटेपणा काढला, तुला नाही नाही ते बोलले. एवढं एक सांगितलं असतंस तर मी तिथंच गप्प झाले असते. का नाही सांगितलंस? तुझ्या आईची ती वाट तुला चहाच्या गाड्यावर, माझ्यापुढं, भांडण जिंकायला वापरायची नव्हती, असं मी आता समजते. हे माझं समजणं झालं. तुला विचारायची सोय नाही. मला ह्याचा इतका राग येतो आहे की बसमधला शेजारी माझ्याकडं बघतो आहे.

मी मावशींना सरळ विचारलं. "पर आता ‘आमी’ म्हंजी कोन, मावशी? त्यो तर गेला."

"मी हाय की," त्या म्हणाल्या. जणू मी काहीतरी अगदीच साधं विचारलं होतं. "माजा नंबर घाल."

मी जुनाच मजकूर ठेवला. खाली पर्यायी नंबर विचारला होता, पहिला लागला नाही तर दुसऱ्यावर आकडा जातो तो. तिथं संस्थेतल्याच दुसऱ्या जबाबदार माणसाचा नंबर घालायचा असतो. कुणाचाही खाजगी नंबर कधीही घालायचा नसतो. हे मी तुला दोन वर्षं सांगत आले. मी मावशींचा नंबर घातला.

त्यांचा बटणांचा फोन कमरेला खोचलेला होता. तो वाजला. चष्मा डोळ्यावरच होता. त्या खिडकीपाशी गेल्या नाहीत, अडखळल्या नाहीत. सगळे आकडे एका दमात वाचले आणि शेवटी एकदाच विचारलं, "लिवलीस?"

"लिवलं, मावशी."

बाळूअण्णा मंगळवारी जीप घेऊन वर जाणार आहे. तिघींना मेसेज गेले, तुझ्या ओळीसकट. हँडओव्हर झाला, सिद्दू, आणि तो मला सांगता येईल अशा कुठल्याही पद्धतीनं बरोबर झालेला नाही. ह्यावर तू काहीतरी भयंकर बोलला असतास. ते ऐकायला मी आत्ता काहीही दिलं असतं.